पुरलेल्या गोष्टी

टोकियोच्या आसाकुसा भागात होन्पोजी नावाचे एक बौद्ध मंदिर आहे आणि त्याच्या आवारात एक अशी शिळा उभी आहे, की जिच्याखाली कोणा मनुष्याच्या अस्थी नव्हे, तर गोष्टी पुरण्यात आल्या होत्या. १९४१ साली, जपान महायुद्धात उडी घेण्याच्या बेतात असताना, ‘राकुगो’ या कथनकलेच्या कलावंतांनी सरकारची मर्जी ओळखून, गणिका, व्यभिचार, चोरटे प्रेम इत्यादी विषयांच्या ५३ कथा आपल्या भांडारातून आपण होऊन बाजूला काढल्या, त्यांचे रीतसर दफन केले आणि वर ही शिळा बसविली. युद्ध संपल्यावर, १९४६ साली, या कथा समारंभपूर्वक पुन्हा मोकळ्या झाल्या. परंतु पुढच्याच वर्षी, अमेरिकी अमदानीत, सूडाच्या, स्वामिनिष्ठेच्या आणि तत्सम विषयांच्या २७ कथा नव्या राज्यकर्त्यांना रुचणार नाहीत म्हणून त्याच ठिकाणी पुरल्या गेल्या. जागा तीच राहिली, शिळा तीच राहिली. निषिद्धांची यादी तेवढी बदलली.

या हकीकतीकडे मी वळलो तो एका ॲनिमे मालिकेमुळे, आणि त्या मालिकेकडे वळलो तो नातीच्या हट्टामुळे. ॲनिमे म्हणजे जपानी व्यंगचित्रे, आणि व्यंगचित्रे म्हणजे पोरांचा खेळ, या समजुतीत माझ्या पिढीचे बहुतेक लोक अद्याप वावरतात. आमच्या घरांतून हा प्रकार शिरला तोच मुळी शिनचॅनच्या रूपाने, आणि त्याच्या आगाऊपणाबद्दल आयाबापांनी इतक्या तक्रारी केल्या, की काही काळ त्याचे प्रक्षेपणच बंद पडले होते. मात्र ज्या प्रौढ मालिकांत निषिद्ध नाती, लज्जास्पद मानलेले आजार, कुटुंबाने झाकून ठेवलेले अपराध यांची चित्रे येतात, त्यांच्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, की हे विषय मुळात चितारूच नयेत. दुसरा, बहुधा तरुणांचा, म्हणतो, की ही तर नुसती रेघोट्यांची माणसे, त्यांनी काही केले तरी कोणाचे काय बिघडते? मला दोन्ही मते आळशीपणाची वाटतात. निषिद्धाचे चित्रण करणारी कृती काय दाखवते याची झडती घेणे सोपे असते. ती कुठे थांबते हे पाहणे कष्टाचे असते, आणि माझ्या मते तिची परीक्षा तेथेच होते.

‘शोवा गेन्रोकु राकुगो शिंजू’ ही हारुको कुमोता यांच्या चित्रकथेवरून केलेली मालिका २०१६ आणि २०१७ साली दोन पर्वांत आली. राकुगोचा कलावंत आसनावर गुडघे मोडून बसतो, हाती एक पंखा आणि एक कापडी रुमाल घेतो, आणि एवढ्या सामग्रीवर नवरा, बायको, चोर, मद्यपी, गणिका, मालक अशी सारी पात्रे एकट्याने उभी करतो. आमचा कीर्तनकार उभा राहतो आणि हा बसतो, एवढा फरक सोडला तर मराठी मनुष्याला हा प्रकार परका वाटू नये. मालिकेचा नायक याकुमो हा असा एक थोर, करडा आणि अतिशय एकाकी कलावंत. तरुणपणी मियोकिची नावाच्या गेशेवर त्याचा जीव जडतो आणि कलेच्या व प्रतिष्ठेच्या नावाखाली तो तिला दूर करतो. ती त्याच्याच गुरुबंधूबरोबर, सुकेरोकूबरोबर, निघून जाते, त्या दोघांना कोनात्सू ही मुलगी होते, आणि पुढे एका रात्री दोघेही सज्जावरून पडून मरतात. पोरक्या मुलीला याकुमो सांभाळतो; मोठेपणी ती त्याचा द्वेष करते, कारण आपल्या आईबापांच्या मृत्यूला हाच जबाबदार आहे अशी तिची खात्री असते. (ज्यांना ही मालिका पुढेमागे पाहावयाची आहे त्यांनी हा परिच्छेद येथेच सोडावा, मला मात्र खुलासा केल्यावाचून पुढे जाता येत नाही.) खरी गोष्ट अशी असते, की त्या रात्री आईने बापावर सुरी चालविली, ते पाहून त्या अजाण मुलीनेच संतापाच्या भरात आईच्या अंगावर झेप घेतली, कठडा मोडला आणि अनर्थ झाला, मुलीला त्यातले काही आठवत नाही, आणि तिला कधी आठवू नये म्हणून याकुमो एक खोटी हकीकत रचतो, आणि ती अनेक दशके, तिचा तिरस्कार मुकाट्याने सोशीत, वाहून नेतो.

पाश्चात्त्य धाटणीच्या नाटकात असे रहस्य एखाद्या कबुलीजबाबाच्या प्रवेशात फुटले असते. आरडाओरड, अश्रू, क्षमा आणि पडदा. येथे ते भलत्याच मनुष्याच्या तोंडून, जुन्या सेवकाच्या तोंडून, भलत्याच वेळी बाहेर येते. आणि तेवढ्यावरही लेखिका थांबत नाही. कोनात्सूला एक मुलगा होतो. त्याचा बाप कोण हे ती कोणालाही सांगत नाही. प्रेक्षकाची नजर एका टोळीप्रमुखाकडे वळविली जाते आणि आपण त्या समजुतीवर स्थिरावतो. मग शेवटच्या भागात, कित्येक वर्षांनंतर, एक लेखक कोनात्सूपाशी आपला तर्क बोलून दाखवितो: या मुलाचा बाप याकुमोच नव्हे ना? म्हणजे जो तिचा पालक, ज्याचा ती उघडपणे द्वेष करीत आली, तोच? ती ना होय म्हणते, ना नाही. मालिका त्या प्रश्नावरून हलकेच पुढे सरकते.

असे थांबणे ही जपानी रंगभूमीची जुनी विद्या आहे. मालिकेच्या नावातील ‘शिंजू’ म्हणजे प्रेमिकांचा संयुक्त आत्मघात, आणि ‘गेन्रोकु’ म्हणजे १६८८ ते १७०४ हा कालखंड; त्याच कालखंडाच्या अखेरीस, १७०३ साली, चिकामात्सु मोन्झाएमोन याने ओसाकात नुकत्याच घडलेल्या एका आत्मघातावर ‘सोनेझाकी शिंजू’ हे बाहुल्यांचे नाटक लिहिले. तोकुबेइ हा सोया सॉसच्या पेढीवरचा कारकून, ओहात्सू ही गणिका. एका प्रवेशात ती ओसरीवर बसलेली आहे, तो खाली दडलेला आहे, वर त्याची निंदा चाललेली आहे. ती आपले पाऊल खाली सोडून जणू त्याला विचारते, मरणाची तयारी आहे ना, आणि तो ते पाऊल आपल्या गळ्यावरून फिरवून होकार देतो. शब्द नाही, आलिंगन नाही. बुनराकु या बाहुलीनाट्यातील स्त्रीबाहुल्यांना एरवी पाय नसतात. या एका प्रवेशासाठी ओहात्सूला पाऊल दिले जाते. या नाटकांनी प्रेक्षक इतके भारावले, की खऱ्या आत्मघातांची लाट आली अशी ओरड झाली आणि विसाएक वर्षांतच शोगुनच्या सरकारने शिंजूच्या नाटकांना मज्जाव करणारा हुकूम काढला. ‘गिरी’ म्हणजे लौकिक कर्तव्य आणि ‘निन्जो’ म्हणजे मनुष्यहृदयाची ओढ, या दोहोंच्या कचाट्यात सापडलेला जीव हा चिकामात्सूचा विषय. तो दोहोंपैकी एकालाही खोटे पाडीत नाही आणि म्हणूनच त्याची माणसे बंडखोर न वाटता अडकलेली वाटतात.

बाहुलीची आणि ॲनिमेची जात एकच, असे मला वाटते. दोघींनाही स्वतःचे शरीर नाही, आणि देहधारी नटाला निषिद्धाच्या प्रवेशात जो संकोच होतो, किंवा प्रेक्षकाला त्याच्याविषयी जे अनुचित कुतूहल वाटते, ते येथे उद्भवत नाही. चेहऱ्यावर जेवढ्या रेषा काढल्या तेवढाच भाव, उरलेला प्रेक्षकाने आपल्या पदरचा घालावयाचा. रियोको इकेदा यांच्या ‘व्हर्सायचा गुलाब’ या १९७२ साली सुरू झालेल्या चित्रकथेवरून १९७९-८० साली ४० भागांची मालिका निघाली. तिच्यात पुरुषासारखी वाढविलेली सेनानी ऑस्कर आणि तिच्या दाईचा नातू आंद्रे यांच्यातील उच्चनीचतेची भिंत मालिका शेवटाला येईपर्यंत उभी राहते. उत्तरार्धात दिग्दर्शक ओसामू देझाकी यांचा चालता प्रसंग एकाएकी रंगचित्रासारखा स्तब्ध करण्याचा जो प्रसिद्ध हातखंडा आहे, तो हेच थांबण्याचे काम करतो. (योगायोग असा, की त्याच १९७२ साली आमच्याकडे ‘सखाराम बाइंडर’वरून रणधुमाळी माजली होती. तेंडुलकर थांबत नसत. पण तो वेगळा पंथ.)

निषिद्ध म्हणजे केवळ नाती नव्हेत. हायाओ मियाझाकी यांच्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’ या १९९७ सालच्या चित्रपटात लोखंड गाळणाऱ्या एका वस्तीच्या मागल्या बाजूस, अंगभर पट्ट्या गुंडाळलेले काही रोगी बंदुका घडवीत बसलेले दिसतात. मियाझाकी आपल्या घराजवळच्या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत जात असत, आणि कुष्ठरुग्णांना सक्तीने समाजाबाहेर ठेवणारा जपानचा कायदा रद्द झाला तो १९९६ साली, म्हणजे चित्रपटाच्या अवघ्या एक वर्ष आधी, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या काही मिनिटांचे वजन कळते. त्यांतील एक अंथरुणाला खिळलेला रोगी म्हणतो, की आमचे सडलेले अंग जिने धुतले ती ही एकटीच. आणि ही एकटी म्हणजे वनाचा संहार करणारी, कथेतील अर्धीअधिक खलनायिका एबोशी. आनंदवन ज्यांनी पाहिले आहे अशा मराठी वाचकाला त्या प्रसंगापुढे निराळ्या टीपेची गरज भासणार नाही. रोगाविषयी उपदेशाचे एकही वाक्य त्यात नाही.

याउलट, जे लोक निषिद्ध पुसून टाकावयास निघतात, त्यांच्या हातून काय घडते याचा एक अमोल दाखला ‘सेलर मून’ या मालिकेने देऊन ठेवला आहे. १९९४-९५ सालच्या पर्वात हारुका आणि मिचिरू या दोन तरुणींचे परस्परांवर प्रेम आहे ही गोष्ट जपानी प्रेक्षकांना कोणी निराळी समजावून सांगावी लागली नाही. २००० साली हे पर्व इंग्रजीत अमेरिकेत गेले तेव्हा भाषांतरकारांनी बालमनाच्या रक्षणार्थ अशी तजवीज केली, की या दोघी ‘कझिन’ आहेत. चित्रे मात्र तीच राहिली. ते कटाक्ष, ती सलगी, सारे जसेच्या तसे. परिणामी अमेरिकी प्रेक्षकांपुढे, एक निषिद्ध झाकण्याच्या नादात, दुसरे अधिक भयंकर निषिद्ध उभे राहिले. मराठी वाचकाला तर यात आणखी एक गंमत दिसेल. आमच्याकडे पहिला प्रश्न येईल तो, कझिन म्हणजे कोण? चुलत, मामे, आते की मावस? कारण मामाच्या मुलीशी लग्न हा अनेक मराठी जातींत शिरस्ता आहे, चुलत बहिणीशी विवाह मात्र कल्पनेतही बसत नाही. आणि जपानच्या कायद्यात तर कोणत्याही बाजूच्या चुलत-मामे भावंडांच्या विवाहास हरकत नाही. म्हणजे ज्या नात्याच्या आडोशाला त्या दोघींना लपविले, ते नाते त्यांच्या मायदेशी लग्नाला मुभा देणारे होते! पुढे नव्या इंग्रजी ध्वनिमुद्रणात हा आडोसा काढून टाकण्यात आला.

आता ॲनिमेच्या चाहत्यांना न रुचणारे बोलतो. रेषांच्या माणसाला शरीर नसते, तसा त्याला आवाजही नसतो. आपल्यावर जे लादले जाते त्याविरुद्ध तो फिर्याद करीत नाही. या मुकेपणाचा फायदा घेऊन निषिद्धाचे गाजर दाखविणाऱ्या मालिकांचा जपानात सुळसुळाट आहे. बहीणभावाच्या नात्याशी लाडीगोडीने खेळत पंधरावीस भाग प्रेक्षकाला लोंबकळत ठेवावयाचे, आणि अंगाशी येईल असे दिसताच दोघे सख्खे नव्हेत असा दाखला कोठल्याशा दफ्तरातून काढावयाचा, ही त्यांतील एक ठरलेली युक्ती. यात निषिद्धाची चव सगळी घेतली जाते आणि किंमत कोणीही मोजत नाही. याकुमोने इतकी वर्षे जे ओझे वाहिले त्याच्याशी याचे काही नाते नाही. आणि जेथे बालकांना अशा कथांचे भक्ष्य केले जाते, तेथे कलेचे नाव घेणेही मला मान्य नाही.

पण हा भेद करावयाचा कोणी? २०१० सालच्या डिसेंबरात टोकियो महानगराच्या कारभाऱ्यांनी तरुणांच्या संरक्षणाच्या नियमावलीत दुरुस्ती करून, विवाहास वर्ज्य अशा निकट नातलगांमधील संबंधांचे अवाजवी उदात्तीकरण करणारी चित्रकथा व ॲनिमे अल्पवयीनांना विकण्यावर निर्बंध घातले. हेतू वाईट नव्हता. प्रकाशकांनी मात्र संतापून सरकारी ॲनिमे मेळ्यावर बहिष्कार टाकला. (तो २०११ सालचा मेळा पुढे मार्चमधील भूकंपामुळे भरलाच नाही.) गंमत अशी, की या दुरुस्तीचे पुरस्कर्ते, तत्कालीन राज्यपाल शिन्तारो इशिहारा हे स्वतः कादंबरीकार, आणि त्यांना तरुणपणी कीर्ती व आकुतागावा पारितोषिक मिळवून दिले ते ‘सूर्याचा ऋतू’ या, त्या काळच्या वडीलधाऱ्यांना नीतिभ्रष्ट वाटलेल्या १९५५ सालच्या कथेने. तिच्यावर आणि तशाच कथांवर निघालेल्या चित्रपटांनी असा गदारोळ उडविला, की जपानी चित्रपट-परिनिरीक्षणाची घडीच बदलावी लागली. तरुणपणी ज्याची गोष्ट पुरण्याजोगी मानली गेली, त्याच्याच हाती वार्धक्यात फावडे आले.

नियमावली शब्द मोजू शकते, प्रसंग मोजू शकते. पण मौन मोजण्याचे माप तिच्यापाशी नसते. कोनात्सूच्या मुलाचा प्रश्न कोणत्या कलमाखाली बसवाल? तेथे दाखविलेले काहीच नाही. आहे तो एक तर्क, तोही परक्याचा. तरीही तो तर्क ऐकल्यावर मागचे सगळे भाग मनात पुन्हा पाहावे लागतात, त्या म्हाताऱ्याचे मुलाला मांडीवर घेणे, त्या स्त्रीचे चिडणे, सारे नव्याने तपासावे लागते, आणि तपासूनही निर्णय होत नाही.

माझ्या नातीला हे अजिबात मान्य नाही. तिचे म्हणणे, लेखिकेने शेवटच्या घटकेला विनाकारण घाण कालवली आणि वर उत्तर देण्याची जबाबदारी टाळली. ज्या मनुष्याने एका पोरक्या मुलीला वाढविले त्याच्यावर असा संशय नुसता शिंपडून निघून जाणे ही लबाडी आहे, संयम नव्हे. ‘आजोबा, तुम्हाला गप्प बसणारी माणसे फार आवडतात,’ असेही ती म्हणाली. मी चिकामात्सूचे पाऊल पुढे केले. ती म्हणाली, त्या बाईने निदान पाय तरी पुढे केला होता. यावर मजपाशी तत्काळ जबाब नव्हता, म्हणून दावा तहकूब ठेवला आहे. दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही पर्वे पुन्हा लावून पाहावयाची, असे ठरले आहे.