रक्त सांडल्यावर सुचलेले शहाणपण!

दहा वर्षे अर्ज-विनंत्यांनी जे मिळाले नाही ते सात महिन्यांच्या बंदुकीने मिळाले, असा धडा कोणत्याही सरकारने आपल्या नागरिकांस देऊ नये. मॅसिडोनियाच्या सरकारने तो २००१ साली दिला. तेथील आल्बेनियनांच्या सशस्त्र उठावाला कोणी देशद्रोह म्हणतात, कोणी मुक्तिसंग्राम. आम्हांस हे दोन्ही निकाल घाईचे वाटतात.

१९९१ साली हे राज्य युगोस्लाव्हियातून रक्तपात न होता बाहेर पडले, ही त्याची पुण्याई. परंतु त्याच वर्षीच्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकाने ते मॅसिडोनियन लोकांचे राष्ट्रीय राज्य ठरविले. लोकसंख्येचा जवळजवळ चौथा हिस्सा असलेल्या आल्बेनियनांना तुर्क, रोमा इत्यादिकांच्या पंक्तीस बसविले. समतेचे आश्वासन होते. पण पोलीस दलात व सरकारी कचेऱ्यांत त्यांची संख्या नगण्यच राहिली. तेतोवो येथे त्यांनी स्वभाषेचे विद्यापीठ काढले, तर सरकारने ते बेकायदा ठरविले. १९९५ च्या फेब्रुवारीत तेथे पोलिसांशी झालेल्या चकमकीत एक माणूस प्राणास मुकला आणि कुलगुरूंच्या वाट्यास तुरुंग आला. १९९७ च्या जुलैत गोस्तिवारच्या नगरगृहावरील आल्बेनियन ध्वज उतरविण्यासाठी पोलीस धाडण्यात आले. तीन जण मेले आणि नगराध्यक्ष गजाआड गेला. विद्यापीठ आणि ध्वज यांनी राज्य बुडत नसते. त्यांच्यावर चालविलेल्या लाठीने मात्र ते पोखरले जाते!

म्हणून बंदूक न्याय्य ठरते काय? मुळीच नाही. १९९८ पासून एक आल्बेनियन पक्ष स्कोप्येच्या मंत्रिमंडळातच बसला होता. सनदशीर वाट अरुंद होती, बंद नव्हती. तरीही कोसोव्होच्या युद्धात तयार झालेली माणसे आणि शस्त्रे डोंगर ओलांडून आली. २००१ च्या जानेवारीत तेआर्चेच्या पोलीस ठाण्यावर पहिला हल्ला झाला आणि अली अहमेती यांच्या राष्ट्रीय मुक्ती सेनेचे नाव जगाला कळले. मार्चमध्ये लढाई तेतोवोच्या वेशीवर आली, जूनमध्ये बंडखोर राजधानीलगतच्या अराचिनोवोत ठाण मांडून बसले. मग सूडाला सूड भिडला. ऑगस्टमध्ये दहा सैनिक दबा धरून मारले गेले, तेव्हा प्रिलेपमध्ये जमावाने मशीद जाळली. सुरुंगाने आणखी आठ सैनिकांचा बळी घेतला, तेव्हा पोलीस ल्युबोतेन गावात शिरले; तेथे दहा आल्बेनियन मेले. त्याच महिन्यात लेशोकचे जुने चर्च सुरुंगाने उडविले गेले. लाखाहून अधिक लोक घरदार सोडून परागंदा झाले. मशीद आणि चर्च यांनी कोणाचा कोणता हक्क अडविला होता?

१३ ऑगस्ट २००१ रोजी ओह्रिद करारावर सह्या झाल्या. त्यात नवल वाटावे असे काय होते? देशात किमान २० टक्के लोक बोलतात त्या भाषेलाही राजभाषेचा दर्जा, त्या भाषेत सरकारी खर्चाने उच्च शिक्षण, पोलीस दलात न्याय्य वाटा, आणि भाषा-संस्कृतीच्या कायद्यांस अल्पसंख्य समाजांच्या प्रतिनिधींच्याही बहुमताची अट. यातील एकही गोष्ट १९९१ साली देता आली नसती असे नाही! नाटोच्या सैन्याने सुमारे ३,८०० शस्त्रे गोळा केली. नोव्हेंबरात घटना दुरुस्त झाली. २००२ च्या निवडणुकीनंतर अहमेतींचा पक्ष सरकारात आला. २००४ साली तेतोवोच्या विद्यापीठास मान्यता मिळाली. ज्या विद्यापीठासाठी एकदा रक्त सांडले, तेच अखेर सरकारी झाले.

या कराराचे एक कलम आम्हां सीमावासीयांस खटकेल: वांशिक प्रश्नांस प्रादेशिक उत्तर नाही, असे त्यात म्हटले आहे. परंतु तेथे रेषा ओढणे म्हणजे एका सार्वभौम देशाचे तुकडे करणे आणि मिसळलेली गावे उभी चिरणे होते. एकाच प्रजासत्ताकातील राज्याची सीमा बदलण्याचा अधिकार आपल्या संसदेस घटनेनेच दिला आहे. दोन्ही प्रश्न एकाच तागडीत तोलू नयेत.

बोध मात्र दोन्हीकडे एकच. बहुसंख्यांनी ध्यानी धरावे की, शांतपणे मागणाऱ्याला जे नाकारले जाते तेच पुढे हातघाईवर आलेल्याला द्यावे लागते. आणि ते देताना राज्याची अब्रूही जाते. अल्पसंख्यांनी ध्यानी धरावे की, बंदुकीने करार जवळ आला असेल, पण मेलेली माणसे व तुटलेला शेजार कोणत्याही कलमाने परत येत नाही. न्याय वेळेवर देणे यापरते राज्यरक्षणाचे दुसरे शस्त्र नाही, आणि ज्या सरकारला हे उमजत नाही त्याने आपल्या फौजेच्या बळावर विसंबू नये!