लिंबूटिंबूला जागा हवी

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही लहानमोठे एकवीस जण मुंबईहून जहाजाने गोव्याला गेलो. आम्ही खानदेशी माणसे. तापी, गिरणा आणि पांझरा एवढीच आमची पाण्याशी ओळख, आणि पांझरेची तर पावसाळ्यापुरतीच. तरीही पुण्याच्या पुतणीने हट्ट धरला. धुळ्याच्या घरात आता एकवीस माणसे मावत नाहीत, स्वयंपाक कोणी करायचा हा प्रश्न असतो, आणि जहाजावर कोणाला कोणाकडे 'राहायला' जावे लागत नाही, असे तिचे म्हणणे. मुद्दा बिनतोड होता. आम्हा तिघा भावंडांची मिळून सात नातवंडे. थोरला सतरा वर्षांचा, बारावीतला. धाकटी चार वर्षांची. मधली चौदा, बारा, नऊ, आठ आणि सहा. धुळे, जळगाव, पुणे आणि न्यू जर्सी अशी चार गावची. या सातांना तीन दिवस एकत्र ठेवायचे, एवढाच सहलीचा हेतू होता.

पहिल्याच दुपारी तो हेतू समुद्रार्पण झाला. मुलांसाठी जहाजावर रंगीबेरंगी खोली होती, हसतमुख मुली होत्या, खेळणी होती. पण तिथे वयाचे नियम होते. चार वर्षांचीला आईबरोबर यावे लागेल. सहा ते नऊची मुले इकडे. बारा वर्षांचा दुसऱ्या गटात, त्याची वेळ वेगळी. चौदा वर्षांची त्या खोलीसाठी मोठी आणि बाकी सगळ्यासाठी लहान. सतरा वर्षांच्याने जेईईचे पुस्तक काढले. दोन तासांत सात मुले पाच ठिकाणी पांगली. व्यवस्था चोख होती, तक्रारीला जागा नव्हती. मला खटकले ते नेमके हेच.

संध्याकाळी जेवणाच्या रांगेत जळगावचा नऊ वर्षांचा मुलगा न्यू जर्सीच्या आठ वर्षांच्या मुलीला विचारत होता, "तू माझी कोण लागतेस?"

"कझिन."

"ते इंग्लिशमध्ये झालं. मराठीत कोण?"

तिने माझ्याकडे पाहिले. मी सांगायला तोंड उघडले आणि क्षणभर अडखळलो. त्यांचे वडील एकमेकांचे चुलतभाऊ, म्हणजे ही दोघे चुलतचुलत. आपल्या भाषेत चुलत, आते, मामे, मावस असे चार रस्ते आहेत. नाते कोणाच्या घरावरून आले ते शब्दातच कळते, आणि रस्ता कोणताही असला तरी शेवटी 'भाऊ' किंवा 'बहीण' येतेच. 'कझिन' हा शब्द सोयीचा आहे, पण त्यात रस्ता पुसला जातो.

समुद्रपर्यटन आता आपल्याकडे नवलाईचे राहिलेले नाही. गेल्या काही वर्षांत मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा देशी सफरी सुरू झाल्या. ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने 'क्रूझ भारत मिशन' मुंबई बंदरातून जाहीर केले आणि २०२९ पर्यंत प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे लक्ष्य ठेवले. तीन पिढ्यांची कुटुंबे हे या धंद्याचे मोठे गिऱ्हाईक. जगभरच्या मोठ्या जहाजांवर मुलांची अशीच वयवार विभागणी असते. त्यात सुरक्षितता आहे, देखरेखीची सोय आहे, आणि आईवडिलांना चार तास मोकळे मिळतात. जहाजवाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपण जमिनीवर जे करतो तेच ते पाण्यावर करतात. शाळेत इयत्ता, क्लासमध्ये बॅच, मैदानावर चौदा वर्षांखालील आणि सोळा वर्षांखालील. आजचे मूल सकाळपासून रात्रीपर्यंत आपल्याच वयाच्या मुलांत वाढते. मोठ्या मुलाचे शहाणपण आणि लहानाचा लळा या दोन्हींशी त्याची गाठ पडत नाही.

हे नेहमी असे नव्हते. पंतोजींच्या शाळेत सगळ्या वयांची मुले एकाच पडवीत बसत आणि मोठा मुलगा धाकट्याचा हात धरून अक्षर गिरवून घेई. मद्रासेत अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने देशी शाळांतली हीच रीत पाहिली, स्वतःच्या शाळेत वापरली आणि १७९७ मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली. तिथून ती 'मद्रास पद्धत' म्हणून विलायतेला गेली. आपण मात्र पुढे तिकडूनच वयवार वर्ग आणले.

खानदेशात मुलांना एकत्र आणण्याची एक जुनी यंत्रणा होती. तिचे नाव आखाजी. अक्षय्य तृतीया साऱ्या महाराष्ट्रात असते, पण खानदेशात ती दिवाळीच्या तोडीची. तिच्यामागचा हिशेब पाहा. वैशाखात शेतात काम नाही. सालदाराचे साल याच दिवशी संपते आणि नवे ठरते. उन्हाचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला, त्यामुळे दुपारी बाहेर पडणे नाही. शाळांच्या परीक्षा संपलेल्या. आणि सासुरवाशिणींनी या सणाला माहेरी यायचे, कडुनिंबाला झोके बांधायचे, गौराई मांडायची, असा रिवाज. लेकी आल्या की त्यांची मुलेही येत. म्हणजे एका सणाने न बोलावता पंधरा-वीस भावंडे एका घरात गोळा होत. धाब्याच्या घरावर संध्याकाळी पाणी शिंपडायचे आणि रात्री तिथेच ओळीने झोपायचे. वयाप्रमाणे अंथरुणे नसत. जो आधी येई त्याला कडेची जागा.

खेळताना मात्र वयाचा प्रश्न येईच. चार वर्षांच्या पोरावर लपंडावात राज्य आले तर खेळ संपला, आणि त्याला घेतले नाही तर ते रडून घर डोक्यावर घेणार. यावर मराठी मुलांनी जो तोडगा काढला तो मला आजही थोर वाटतो. त्या पोराला 'लिंबूटिंबू' म्हणायचे. तो खेळात आहे, पळतो, लपतो, ओरडतो, पण तो बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. खेळाचे नियम कोणासाठी सैल केले नाहीत, आणि कोणाला बाहेरही बसवले नाही. एक-दोन वर्षांनी एखाद्या दुपारी तोच पोरगा म्हणे, "मी आता लिंबूटिंबू नाही." त्या दिवशी त्याच्यावर राज्य येई आणि तो आनंदाने घेई. मोठे होण्याचा याहून साधा विधी मला माहीत नाही.

हे सगळे मी जहाजावर थोरल्या बहिणीला रंगवून सांगत होतो. ती ऐकून घेऊन म्हणाली, "लिंबूटिंबू तुम्ही म्हणत होता रे. त्याला कडेवर घेऊन फिरत मी होते."

मी गप्प झालो. तिचे बरोबर होते. ती बारा वर्षांची असताना तिच्या कडेवर नेहमी कोणीतरी असे. तिच्या वयाच्या पोरी सागरगोटे खेळत तेव्हा ती कोणाला तरी झोपवत असे. मोठी मुले धाकट्यांना चिमटेही काढत, दमही देत. जुन्या घराची आठवण काढताना त्याचा खर्च कोणाच्या खात्यावर पडला, हे पाहिले पाहिजे. तो बहुतेक वेळा थोरल्या मुलीच्या खात्यावर पडे. बीएट्रिस आणि जॉन व्हायटिंग या अमेरिकन दांपत्याचे सहा संस्कृतींतल्या मुलांवरचे पुस्तक १९७५ मध्ये आले. त्यातला एक समाज उत्तर प्रदेशातल्या गावातला होता. लहानग्यांच्या सहवासात मुले अधिक माया दाखवतात, हे त्यांनी नोंदवले. ते खरे आहे. पण माया शिकवायची तर ती मुलांनाही शिकवावी, एकट्या ताईला नव्हे.

आता थोडे गणित. बँकेत आयुष्य गेल्याने आकड्यांशिवाय माझे समाधान होत नाही. समजा, प्रत्येक जोडप्याला चार मुले. मग मुलाच्या आईला तीन भावंडे, वडिलांना तीन. त्या सहांची प्रत्येकी चार मुले, म्हणजे चोवीस सख्खी चुलत-मामे-आते-मावस भावंडे. आता प्रत्येकाला दोनच मुले धरा. मामा किंवा मावशी एक, काका किंवा आत्या एक, आणि त्यांची दोन-दोन मुले. चोवीसची झाली चार. आणि सगळ्यांना एकेकच असेल तर शून्य. मुले निम्म्यावर आली की भावंडे निम्म्यावर येत नाहीत, ती सहाव्या हिश्शावर येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातला जननदर १९९२-९३ मध्ये २.९ होता. २०१९-२१ च्या पाहणीत तो १.७ झाला. चीनने १९८० च्या सुमारास एक-मूल धोरण आणले आणि २०१५ अखेरपर्यंत चालवले. तिथे काका, आत्या, मामा हे शब्दच अनेक घरांतून नाहीसे झाले. आपल्याकडे सक्ती नाही, तरी वाट त्याच दिशेची आहे. जर्मनीतल्या मॅक्स प्लँक लोकसंख्याशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अंदाज मांडला. जगात १९५० साली पासष्ट वर्षांच्या बाईला सरासरी ४१ नातेवाईक असत, ते २०९५ मध्ये २५ असतील.

कमी मुले होणे ही वाईट गोष्ट नाही. आमच्या बहिणीसारख्या कितीतरी मुलींची त्याने सुटका केली. पण त्याचा एक परिणाम आपल्या लक्षात आलेला नाही. चोवीस भावंडे असताना प्रत्येकाला आपल्या वयाचा कोणीतरी मिळेच. वयवार टोळ्या पडल्या तरी कोणी एकटे राहत नसे. चार भावंडे असताना वयाप्रमाणे वाटणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला फक्त तो स्वतः येतो. आमच्या सातांचे जहाजावर तेच झाले. पूर्वी वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र खेळणे ही गर्दीची सोय होती. आज तो एकच मार्ग उरला आहे.

आणि हा नुसता खेळाचा प्रश्न नाही. बँकेत असताना मयत खातेदारांच्या वारसांची प्रकरणे माझ्या टेबलावर येत. सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, हा नियम. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायदा बदलून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क दिला. हे न्यायाचेच झाले. त्यामुळे आज सातबाऱ्यावर आतेभावंडे आणि मामेभावंडे शेजारी शेजारी येतात. मी पाहिले आहे, जी भावंडे एका धाब्यावर झोपलेली असत ती सही करायला येताना डबा घेऊन येत, भांडत, रडत, पण शेवटी चहा पिऊन जात. जी कधी भेटलीच नव्हती ती वकील घेऊन येत. माझा हा काही अभ्यास नव्हे, टेबलामागून दिसलेले आहे. हक्कसोडपत्रावर समोरासमोर बसण्याआधी माणसे एकदा तरी पत्त्यांवर समोरासमोर बसलेली असावीत, एवढेच मला वाटते.

दुसऱ्या रात्री झाले ते असे. माझ्या पत्नीच्या पिशवीत पत्त्यांचा जोड होता. आखाजीला खानदेशात पत्ते लागतातच, ती सवय. जेवणे झाल्यावर तिने टेबलावर बदाम सातचा डाव मांडला. कोणाला बोलावले नाही. आधी नऊ वर्षांचा आला, मग सहा वर्षांचा. बारा वर्षांच्याने न्यू जर्सीच्या बहिणीला आपल्या अर्ध्या इंग्रजीत नियम समजावले. चार वर्षांची रडवेली होऊन उभी राहिली, तर पुस्तकवाल्या थोरल्याने तिला मांडीवर घेतले आणि म्हणाला, "ही माझ्याकडून. पत्ते हीच टाकेल." तिला आकडे येत नव्हते, पण बदाम कुठला आणि इस्पिक कुठले ते कळत होते. चौदा वर्षांची तिसऱ्या डावाला आली, तीही फोन हातात ठेवूनच. आवराआवर करणारी मंडळी येईपर्यंत सातही जण तिथे होते.

एवढ्यावरून मी काही निष्कर्ष काढतो, ते आजोबाचे म्हणून घ्यावेत. सहलीला मुलांचे सगळे तास बांधू नयेत, पण रोजचा एक तास सगळ्यांचा असावा, आणि त्यात मोठ्यांनी पंच होऊ नये. खेळ असा निवडावा की ज्यात नशिबाला वाव आहे, म्हणजे धाकटाही जिंकतो. थोरल्याला सांभाळायला सांगू नये, त्याला अधिकार द्यावा. मांडीवर कोणाला घ्यायचे हे त्याने ठरवले की ती शिक्षा राहत नाही. आणि खोल्या वाटताना प्रत्येक जोडप्याने आपापली मुले घेऊन दार लावू नये. एक रात्र तरी चुलतभावंडे एका खोलीत झोपू द्यावीत.

याला जहाज लागत नाही. धुळ्याच्या घराची गच्ची पुरते. खरी अडचण तारखांची आहे. आखाजी कधी एप्रिलच्या मध्यावर येते, कधी मेच्या मध्यावर. एका बोर्डाची सुटी लागते तेव्हा दुसऱ्याचे वर्ग चालू असतात, आणि न्यू जर्सीची शाळा जूनपर्यंत सुटत नाही. थोरला पुढच्या वर्षी कुठल्या तरी कॉलेजात असेल. सातही जणांची सुटी जुळेल असे आठ दिवस आम्ही कॅलेंडर घेऊन शोधत आहोत. अजून चारच सापडले आहेत. त्या चार दिवसांसाठी बहिणीने धुळ्याला यायचे कबूल केले आहे, पण एका अटीवर. या वेळी कडेवर कोणाला घ्यायचे ते मुलगे ठरवतील आणि घेतीलही तेच. ती झोक्यावर बसणार आहे.