शिवणीतली माया



गेल्या दिवाळीत मंडळाच्या कार्यक्रमासाठी लेकीला इथल्या हाय स्ट्रीटवरून ८ पौंडांचा फ्रॉक आणला. स्वागतगीत संपायच्या आत तो काखेत उसवला! घरी येऊन उलटा केला, तर शिवणीत माया नव्हतीच. जेमतेम २-३ मिलिमीटर कापड. पुन्हा टीप मारायची तरी कुठे?

माया म्हणजे पुढे सोडायला आत राखलेले कापड. शाळेचा युनिफॉर्म शिवायला टाकताना आई टेलरकाकांना बजावायची, "वाढतं अंग आहे, माया भरपूर ठेवा." मी उंच झाले की ती खालची दुमड उसवायची. एक स्कर्ट तीन वर्षे चालायचा.

मी शिक्षिकेची नोकरी सोडल्यापासून आमच्याकडे एकच पगार आहे, त्यामुळे स्वस्ताचा मोह मला चांगला ठाऊक आहे. पण जुन्या सवयीने गणित मांडले. १२ पौंडांचा टॉप चारदा घालून टाकला, तर दर वेळचे ३ पौंड. ३६ पौंडांचा चांगला सुती शर्ट साठदा घातला, तर दर वेळचे ६० पेन्स. मग महाग कोणता?

अर्थात, जास्त किंमत म्हणजे चांगला कपडा असेही नाही. दर्जासाठी ओळखले जाणारे मार्क्स अँड स्पेन्सरसुद्धा १८८४ मध्ये लीड्सच्या बाजारातल्या एक पेनीच्या स्टॉलपासूनच सुरू झाले. म्हणून लेबल नंतर, आधी कपडा उलटा करा. न ताणणाऱ्या कापडात सेंटिमीटरभर तरी माया आहे का? शिवण हलकेच ओढल्यावर फट दिसते का? पट्टे जुळलेत का? आत जादा बटण आहे का?

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे गेली. आदल्या दिवशी तडे दिसूनही कामगारांना आत पाठवले होते. तिथे ब्रिटन-युरोपातल्या दुकानांसाठीही कपडे शिवले जात. महागडे लेबलही याची हमी देत नाही. पण निदान कमी कपडे घेणे आपल्या हातात आहे.

यंदा लेकीला एकच फ्रॉक घेतला, खाली दोन इंच दुमड असलेला.

"आई, पुढच्या दिवाळीलाही हाच?"

"हो. आणि दुमड सोडून त्याच्या पुढच्याही!"

शुभ दीपावली!