गळ टाकण्याआधी पाण्यात बघा

तुमच्यापैकी काहींनी यंदा ऑनलाइन रॉड मागवला असेल. सोबत रबरी बेडूक, चकचकीत चमचा आणि पोटाखाली तीन-तीन गळ लटकणारा प्लॅस्टिकचा मासा. तळेगावच्या कॉलेजमधून बाइकवर निघालं की इंदुरी जवळच, खाली इंद्रायणी. छंद झकास आहे. तो सोडा असं सांगायला हे लिहीत नाही, जरा नीट करा एवढंच म्हणणं आहे.

कणकेची गोळी लावून बसणं वेगळं, ल्युअर वेगळं. गोळीला वास असतो, चव असते. मासा येतो, चाखून बघतो. ल्युअरला फक्त सोंग येतं. फिनलंडच्या लॉरी रापाला नावाच्या मासेमाराने पाहिलं होतं, की शिकारी मासा अख्ख्या थव्यातून डगमगत पोहणाराच टिपतो. १९३६ मध्ये त्याने बुचाचा मासा कोरला, वर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून थर दिला. तुमच्या डबीतला प्लॅस्टिकचा मासा त्याचाच नातू.

हे सोंग सगळ्यांपुढे चालत नाही. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर शीप्सहेड नावाचा मासा आहे, तोंडात अगदी माणसासारखे दात. धक्क्याच्या खांबांना चिकटलेले शिंपले फोडून खाणारा तो, पळत्या चमच्याकडे सहसा ढुंकूनही बघत नाही. आपले रोहू-मृगळही तसेच. ल्युअरवर झेप घेतात ते मरळ, शिवडा आणि महाशीर.

महाशीर तर अस्सल इथलाच. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि इथलं मराठी नावच त्याला लावलं, ‘खुद्री’. पुढे धरणं झाली, मासा घटला. मग सत्तरच्या दशकापासून लोणावळ्याला वळवण धरणाशेजारी टाटांच्या वीज कंपनीने त्याची पिल्लं तयार करायला सुरुवात केली. ती देशभर गेली. कावेरीतही सोडली गेली, आणि तिथे गोष्ट बिघडली: कावेरीचा स्वतःचा कुबडवाला महाशीर मागे पडला, आज तो नामशेष व्हायच्या काठावर आहे. त्याला इतरही कारणं आहेत, पण लोणावळ्याचा पाहुणा हे त्यातलं एक मानलं जातं. म्हणून घरच्या टाकीतले नकोसे मासे ‘बिचारे जगू देत’ म्हणून नदीत सोडू नका. चिलापीने आपल्या नद्यांत काय केलंय ते कुठल्याही भोयाला विचारा.

आता मुद्द्याचं. ल्युअर माशाला दिसावं लागतं. गढूळ पाण्यात त्याची थरथर थोडीफार कामी येते, पण खरा खेळ नितळ पाण्याचा. इंद्रायणी लोणावळ्याजवळ उगम पावते, तिथलं बरंचसं पाणी वळवणच्या धरणातून घाटाखाली खोपोलीला वीज करायला जातं, आणि उरलेली नदी इंदुरीवरून देहू-आळंदीकडे निघते. आळंदीत तिच्यावर तरंगणारा फेस तुम्ही वारीच्या बातम्यांत पाहिलाय. इंदुरी या दोन टोकांच्या मध्ये आहे. गुडघाभर पाण्यात स्वतःची बोटं दिसत नसतील, तर पंधरा चमचे बदलून काय होणार? ‘आज मासाच नाही’ म्हणून रॉड गुंडाळून निघून जाता, तेव्हा खरं तर तुमच्याकडे एक नोंद असते. ती लिहा की! तारीख, पाण्याचा रंग, वास, काय लागलं, काय नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळ नमुने घेतं, पण दर रविवारी त्याच दगडावर उभे तुम्ही असता. एका कॉलेजच्या ग्रुपने दोन वर्षं अशी वही ठेवली, तर ग्रामपंचायतीत आणि पालिकेत ती टेबलावर ठेवता येईल. रील बनवायला मिळतो तेवढाच वेळ याला पुरतो.

मासा लागलाच, तर तीन तोंडी गळाऐवजी एकच गळ, आणि त्याचा उलटा काटा पक्कडने दाबून सपाट केलेला. कोरड्या हाताने धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, म्हणून आधी हात भिजवा. फोटो एकच, मासा पाण्याजवळ ठेवून. महाशीर असेल तर तोंड प्रवाहाकडे करून धरा, स्वतःहून निसटेपर्यंत. तुटलेली नायलॉनची दोरी खिशात घाला, बगळ्याच्या पायात ती वर्षानुवर्षं अडकते. आणि भोई किंवा कातकरी कुटुंबाचं जाळं लागलेलं असेल तर मुकाट्याने दुसरा डोह शोधा. त्यांची ती संध्याकाळची भाजी असते, तुमचा टाइमपास.

कुंडमळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं का? १५ जून २०२५ ला तिथला लोखंडी पूल कोसळला, चार जण गेले. पूल बाजूला ठेवा, तिथले रांजणखळगे आणि शेवाळलेले खडक पावसाळ्यात तसेच जीवघेणे आहेत. एका हातात रॉड असताना तोल सावरायला एकच हात उरतो.

तसंही पहिल्या पावसात रॉड घरीच बरा. चढणीचे मासे तेव्हा वर निघतात, पोटात अंडी घेऊन. उथळ पाण्यात ते हातानेही सापडतात. तेव्हा त्यांना पकडायला कसलं आलंय कसब? डबीतले गंजलेले गळ बदला, वहीची मागची पानं चाळा. दसऱ्यानंतर पाणी नितळलं की मग या.