पाच इयत्ता, दोन गुरुजी

शालेय शिक्षणाचा विषय संसदेत निघाला की सत्ताधारी बाकांवरून विद्यार्थी-शिक्षक प्रमाणाचा आकडा हमखास पुढे केला जातो. पक्ष कोणताही असो, ही प्रथा बदललेली नाही. आताचा आकडा तर अभिमानाने मिरवावा असाच आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या ‘यूडायस प्लस’ अहवालानुसार २०२४-२५ साली पायाभूत स्तरावर दर १० मुलांमागे आणि त्यापुढील स्तरावर दर १३ मुलांमागे एक शिक्षक होता. देशातील शिक्षकांची एकूण संख्याही त्या वर्षी प्रथमच एक कोटीपलीकडे गेली. हे आकडे खोटे नाहीत. परंतु त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे आणि तो वाचून दाखविण्याचा उत्साह सहसा कोणी दाखवीत नाही. देशातील १,०४,१२५ शाळांत प्रत्येकी एकच शिक्षक असून अशा शाळांतून ३३ लाखांहून अधिक मुले शिकतात. भागाकार केला तर एका शिक्षकाच्या वाट्याला बत्तीस-तेहतीस मुले येतात. वरकरणी हेही प्रमाण वाईट नाही. अडचण अशी की ही बत्तीस मुले एका इयत्तेची नसतात.

ही स्थिती केवळ रिक्त पदांमुळे उद्भवलेली आहे, असा एक सोयीस्कर समज राजधानीत रूढ आहे. भरती झाली, बदल्यांचा घोळ मिटला की प्रत्येक इयत्तेला शिक्षक मिळेल, असे गृहीत धरूनच सारी धोरणे लिहिली जातात. प्रत्यक्षात कायदाच निराळे सांगतो. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात, पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक, असे प्रमाण घालून दिले आहे. पट दीडशेच्या वर गेला तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. म्हणजे साठ मुलांच्या शाळेत सगळी मंजूर पदे भरली, एकही शिक्षक रजेवर नसला, तरी पाच इयत्तांना दोनच गुरुजी असणार आणि त्यांतल्या एकाच्या गळ्यात मुख्याध्यापकपणाचा प्रभार व पोषण आहाराची नोंदवही असणार. १९८७ च्या ‘खडू-फळा’ मोहिमेने शाळेला दोन खोल्या आणि दोन शिक्षक देऊ केले होते. पुढे २००२ मध्ये घटनादुरुस्ती होऊन प्राथमिक शिक्षण मूलभूत हक्क झाले, २००९ मध्ये त्याचा कायदा झाला. लहान शाळेपुरता दोनाचा आकडा मात्र जागचा हलला नाही. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत निम्म्याहून अधिक सरकारी प्राथमिक शाळांचा पट साठाच्या आत आढळला आणि पहिली-दुसरीचे सुमारे दोन तृतीयांश वर्ग इतर इयत्तांसोबत बसलेले दिसले. ज्याला आपण अपवाद म्हणतो तो बहुसंख्य खेड्यांतला नियम आहे.

या नियमाची खरी झळ गणिताला लागते. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाकाठी ८०० तास अध्यापन ठरविले आहे. पाच इयत्तांचे मिळून ४००० तास होतात. दोन शिक्षकांजवळ असतात १६००. तीन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाची पाऊण तासाची तासिका तीन ठिकाणी वाटली तर प्रत्येकीला १५ मिनिटे मिळतात. एकशिक्षकी शाळेत हा वाटा नऊ मिनिटांवर येतो. या नऊ मिनिटांत तिसरीच्या मुलांना ५२ मधून २७ वजा करताना दशक कसा सुटा करायचा, हे समजले पाहिजे. गुरुजी फळ्याचा एक भाग त्यांच्यासाठी आखतात, चौथीला गुणाकाराची दहा उदाहरणे लिहून देतात आणि पहिलीला १ ते ५० अंक पुन्हा पुन्हा गिरवायला बसवितात. उरलेली छत्तीस मिनिटे मुले ‘काम’ करतात. ते काम बहुधा नक्कल करण्याचे असते. कारण तपासायला माणूस नसेल तर शांतता राखणारा व्यवसाय देणे, एवढेच शिक्षकाच्या हाती उरते. त्याला दोष देणे सोपे आहे. तीन फळ्यांपुढे एकाच वेळी उभे राहणे अवघड आहे.

भाषेच्या तासाला निदान एक गोष्ट साऱ्या इयत्तांना मिळून सांगता येते. ऐकणाऱ्यांपैकी जो तो आपल्या वकुबाप्रमाणे घेतो. गणिताची रचना जिन्यासारखी. एक पायरी निसटली तर पुढची सापडत नाही आणि निसटल्याचे त्या दिवशी कोणाच्या ध्यानातही येत नाही. दुसरीत दशक-एककाचा अर्थ न उमगलेले मूल तिसरीत हातच्याची खूण यंत्रवत करते, चौथीत भागाकारापाशी थांबते आणि पाचवीत गप्प बसू लागते. डिसेंबर २०२४ मध्ये घेतलेल्या ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षणात तिसरीच्या ५५ टक्केच मुलांना ९९ पर्यंतच्या संख्या लहान-मोठ्या क्रमाने लावता आल्या. सहावीत दहापर्यंतचे पाढे येणारी मुले ५३ टक्के निघाली. ‘असर’नुसार त्याच वर्षी ग्रामीण भागातील पाचवीच्या जेमतेम ३०.७ टक्के मुलांना भागाकार जमला. या अपयशाचे सारे खापर जोडवर्गांवर फोडणे अर्थातच गैर ठरेल; शहरांतल्या स्वतंत्र वर्गांतही गणिताची दशा फार उजळ नाही. परंतु जिथे शिक्षकाचा प्रत्यक्ष वेळ मिनिटांवर आलेला आहे, तिथे हुकलेली पायरी भरून काढण्याची संधी सर्वांत कमी असते, एवढे तरी मान्य व्हायला हवे.

गंमत अशी की इयत्तांच्या भिंती ही या देशाची जुनी सवय नव्हे. पंतोजींच्या शाळेत इयत्ता नसत. धूळपाटीवर कोणी अक्षरे गिरवी, कोणी पावकी-निमकी घोकी, कोणी दिडकीपर्यंत पोहोचलेला असे आणि थोरला मुलगा धाकट्याला सांगे. मद्रासच्या अनाथालयात अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ही रीत उचलली आणि ती इंग्लंडात ‘मद्रास पद्धती’ म्हणून गाजली. त्या शाळांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्यांत मुली जवळपास नव्हत्या, बहुसंख्य जातींना दार बंद होते आणि घोकंपट्टी हाच मार्ग होता. तथापि प्रत्येक मूल आपल्या पायरीवर असू शकते, ही समज तिथे होती. इयत्तावार पुस्तक आणि इयत्तावार परीक्षा आल्यावर ती गेली.

ती परत आणण्याचे प्रयत्न स्वतंत्र भारतात झाले नाहीत असे नाही. आंध्र प्रदेशात मदनपल्लेजवळच्या ऋषी व्हॅलीत रमा आणि पद्मनाभ राव या दांपत्याने एकशिक्षकी शाळांसाठी पाठ्यपुस्तक फोडून त्याची कार्डे केली आणि ती शिडीच्या क्रमाने लावली. मूल कोणत्या पायरीवर आहे, हे चित्रखुणांवरून त्यालाच समजावे, ही त्यामागील कल्पना. कर्नाटकात १९९५ साली हेग्गडदेवनकोटे तालुक्यात तिचेच ‘नली-कली’ झाले. तिथे मुले गोलाकार बसतात. एक गट शिक्षकापाशी, एक अंशतः त्याच्या मदतीने, एक सवंगड्यांच्या आधाराने, एक स्वतःच. चेन्नई महापालिकेच्या शाळांनी २००३ मध्ये हाच मार्ग धरला आणि काही वर्षांत तो राज्यभर नेला. तमिळनाडूच्या २०२२ च्या ‘एण्णुम एळुत्तुम’ कार्यक्रमातही मुलांचे गट इयत्तेऐवजी येत असलेल्या गणितावरून पडतात. त्यांची नावे कळीपासून फुलापर्यंतची. या पद्धतींत दोष आहेत. कार्डे फाटतात, हरवतात, वेळेवर पुन्हा छापली जात नाहीत. कार्ड उलटणे म्हणजेच शिकणे, असाही समज होतो. पण शिक्षकाच्या मिनिटांचा हिशेब मांडून वर्ग रचण्याचे धाडस या राज्यांनी दाखविले.

केंद्राला यातून काय घ्यावेसे वाटले? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने एकशिक्षकी शाळांचे आकडे प्रामाणिकपणे दिले आहेत, हे नमूद केले पाहिजे. मात्र अनेक इयत्ता एकत्र शिकविणे ही त्या धोरणाच्या लेखी मुख्यतः प्रशासकीय अडचण ठरते आणि तिच्यावरचा उतारा शाळा संकुल हा. राज्यांनी त्यातून विलीनीकरणाचा सोपा अर्थ काढला. उत्तर प्रदेश सरकारने जून २०२५ मध्ये पन्नासपेक्षा कमी पटाच्या शाळा शेजारच्या शाळांना जोडण्याचा आदेश काढला. प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले आणि अखेर एक किलोमीटरहून दूरच्या शाळा वगळण्याची वेळ सरकारवर आली. सहा वर्षांच्या मुलीला रस्ता ओलांडून परगावी पाठविण्यापेक्षा तिला घरी ठेवणे अनेक कुटुंबे पसंत करतात, हे लखनौला ठाऊक नसेल असे मानवत नाही. दुसरीकडे २०२२ मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम-श्री’ योजनेत साडेचौदा हजार आदर्श शाळा उभारायच्या ठरल्या. त्याच योजनेच्या करारावरून तमिळनाडूचा ‘समग्र शिक्षा’ निधी २०२४-२५ मध्ये अडला आणि २०२५ मध्ये ते राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले. छोट्या शाळांतल्या अध्यापनाचा सर्वाधिक अनुभव असलेल्या राज्याशी केंद्राचा संवाद हा असा चालला.

वस्तुतः उपाय केंद्राच्याच दस्तऐवजात दडलेला आहे. ‘निपुण भारत’ अभियानाने पहिलीला ९९ पर्यंत, दुसरीला ९९९ पर्यंत आणि तिसरीला ९,९९९ पर्यंतच्या संख्यांचे उद्दिष्ट दिले. या एकाच कल्पनेच्या तीन पायऱ्या आहेत. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे मधोमध ठेवले तर पहिलीचे मूल गठ्ठे व सुट्या काड्या मोजेल, दुसरीचे दहा गठ्ठ्यांचा शतक बांधेल आणि तिसरीचे गठ्ठा सोडून वजाबाकी करील. धडा एक, प्रश्न तीन. शिक्षकाची १५ मिनिटे तिप्पट होतात आणि तिसरीच्या ज्या मुलाची दुसरीतली पायरी हुकली होती, त्याला ती न लाजता पुन्हा पाहायला मिळते. मात्र यासाठी तिन्ही इयत्तांत संख्याज्ञान एकाच महिन्यात यायला हवे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२३ ते २०२५ या काळात पहिली ते पाचवीची गणिताची पुस्तके नव्याने आणली. ती आकर्षक आहेत यात वाद नाही. पण आहेत इयत्तावारच. प्रकरणांचा समान क्रम, जोडवर्गासाठी स्वतंत्र शिक्षक-हस्तपुस्तिका आणि अध्यापक विद्यालयांत किमान काही पाठ दोन इयत्ता एकत्र घेऊन देण्याची सक्ती, एवढ्याला फार मोठा निधी लागत नाही. लागते ती कबुली. साठ वा त्याहून कमी पटाच्या शाळेत कायद्याचे पालन झाले तरी इयत्ता एकत्र बसणारच, हे एकदा लिहून दिले की विद्यार्थी-शिक्षक प्रमाणाचा आकडा भाषणात पूर्वीसारखा वापरता येत नाही. खरे अडते ते इथे.

‘निपुण’च्या उद्दिष्टपूर्तीसाठी २०२६-२७ हे वर्ष मुक्रर झाले होते. त्याच सुमारास जनगणनेचे काम आले. त्याआधी २०२५ च्या अखेरीस बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत मतदारयाद्यांची विशेष फेरतपासणी झाली आणि तिच्यासाठी घरोघर गेलेल्यांत शिक्षक मोठ्या प्रमाणावर होते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ या दोन्ही कामांना मुभा देते. दोन शिक्षकांच्या शाळेतला एक गुरुजी याद्या घेऊन निघाला की मागे राहिलेल्याच्या वाट्याला त्या दिवशी पाचही इयत्ता येतात. एकशिक्षकी शाळेत तर तेवढेही उरत नाही.