फाइलींचा सातबारा

कोकणी माणसाला कायदा शिकवावा लागत नाही. आमच्या म्हसळ्यात एखाद्या आंब्याखाली उभे राहून विचारा : जमीन कोणाची, झाड कोणाचे, आणि फळ उतरवायचा हक्क कोणाचा? तीन निरनिराळी उत्तरे मिळायची, आणि तिन्ही बिनचूक असायची! ह्याच मंडळींना घरातला कॉम्प्युटर ‘परवानगी नाही’ म्हणाला, की तो बिघडला असे वाटते. वास्तविक तो बिघडलेला नसतो. तो बिचारा सातबारा वाचून दाखवीत असतो.

सातबाऱ्यावर भोगवटादाराचे नाव असते आणि शेजारी ‘इतर अधिकार’ असतात. फाइलींचेही तसेच आहे. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्सन आणि डेनिस रिची ह्यांनी युनिक्स ही प्रणाली रचायला घेतली. त्या काळी एका यंत्रावर अनेक जण काम करीत. तेव्हा कोणाच्या कागदाला कोणी हात लावायचा, हे ठरवणे भागच होते. युनिक्सने, आणि पुढे त्याच वळणावर गेलेल्या लिनक्सने, तोड काढली ती अशी : प्रत्येक फाइलीला एक मालक, एक गट, आणि उरलेले सारे. तिघांना प्रत्येकी तीन हक्क. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचे १. ६४४ हा आकडा दिसला, की समजावे : मालकाने वाचावे नि लिहावे, इतरांनी नुसते वाचावे.

खरी गंमत फोल्डरची. फोल्डर ‘चालवायचा’ म्हणजे काय करायचे? तर त्यातून पलीकडे जायचे. म्हणजे ही आपली वहिवाटच! विहिरीत तुमचा हिस्सा असला, तरी वाटेतले अंगण बंद झाले की घागर रिकामीच राहते. शिवाय, फाइल पुसून टाकायला फाइलीवरचा नव्हे, तर फोल्डरवरचा लिहिण्याचा हक्क लागतो. तेव्हा पेटी उघडी टाकून आतल्या एकेका कागदाची राखण करण्यात अर्थ नाही.

पुष्कळ घरांत असते ते विंडोज. त्यातली हक्कांची यादी लांबलचक, पण तत्त्व तेच. आमच्या शेजारच्या घरी वडील वारले. मुंबईच्या मुलाने जुन्या कॉम्प्युटरची डिस्क काढून आपल्या यंत्राला जोडली. आत आईवडिलांच्या लग्नाचे फोटो आणि वाडीच्या मोजणीचा नकाशा. फोल्डर उघडेना. “सर, बाबांनी आम्हांलाच कशी बंदी केली?” मुलाचा आवाज कापरा झाला होता. वडिलांनी बंदी केलीच नव्हती. यंत्र नाव ओळखत नाही, खात्याचा क्रमांक ओळखते. आणि नव्या यंत्राला तो जुना क्रमांक परका होता. व्यवस्थापकाच्या खात्यातून मालकी मुलाकडे घेतली, म्हणजे फेरफारच नोंदवला म्हणा, आणि फोटो दिसले.

हे साधले, कारण डिस्कवरचा मजकूर सांकेतिक लिपीत कुलूपबंद नव्हता. तसा असता, तर मालकी बदलूनही काही उपयोग नव्हता. तिथे किल्लीच लागते. अलीकडच्या पुष्कळ यंत्रांत हे कुलूप आपोआप लागलेले असते, आणि किल्ली बहुधा मालकाच्या ऑनलाइन खात्यात असते.

असे एकदा अडले, की काही जण घरातल्या सर्वांना सर्व हक्क देऊन मोकळे होतात. लिनक्सच्या भाषेत हे ७७७. दिसायला औदार्य, पण मग एका लहानग्याच्या बोटाने किंवा एका दुष्ट प्रोग्रॅमने साऱ्या घराचे कागद नाहीसे व्हायला कितीसा वेळ? त्यापेक्षा प्रत्येकाचे खाते निराळे असावे, फोटो आणि घरचे कागद एका सामाईक फोल्डरात असावेत, व्यवस्थापकाचे खाते रोजच्या कामाला वापरू नये, आणि सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर असावी.

राहिली ती किल्ली. जमिनीला वारस लावायला कायदा आहे, तलाठ्याचे दप्तर आहे. कुलूपबंद डिस्क मात्र मृत्यूचा दाखला दाखवून उघडत नाही. तेव्हा ह्या दिवाळीत मुले घरी आली आहेत तोवर, फराळ आटोपल्यावर, ती किल्ली कागदावर उतरवावी आणि ज्या पिशवीत सातबारा ठेवता त्याच पिशवीत ठेवून द्यावी. पिशवी कुठे आहे, तेही घरात सांगून ठेवावे.