वणव्याचा वास घेणारी पेटी

उत्तराखंडात १५ फेब्रुवारी ते १५ जून या चार महिन्यांत वनरक्षकांना स्वस्थता नसते. चीडवृक्षांची सुईसारखी, राळेने भरलेली वाळकी पाने भूमीवर पसरलेली असतात. एक ठिणगी पुरते. देहरादूनचे भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने वणव्याच्या सूचना देत आले आहे. परंतु उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा माथ्यावरून जातो, आणि त्याला दिसतो तो पेटलेला वणवा. पाचोळा नुसता धुमसत असता त्याला पत्ता लागत नाही.

जर्मनीत एबर्सवाल्डेजवळच्या पाइनच्या वनात यासाठी बिनतारी संवेदक झाडांना बांधण्यात आले. धुमसत्या पाचोळ्यातील हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड यांची चाहूल लागताच ही चिमुकली पेटी अल्पशक्तीच्या रेडिओलहरींनी संदेश धाडते. तिच्यात बॅटरी नाही. सूर्यप्रकाशापासून मिळालेली वीज संधारित्रात साठते. पहारेकऱ्यानेच पेट घेऊ नये, ही दक्षता!

खरी कसोटी पुढेच आहे. सौरपट्टीवर धूळ व पाला साचतो, दाट सावलीत वीज अपुरी पडते, वायूचे मापन कालांतराने ढळते. शिवाय बंद पडलेली पेटी आणि शांत असलेले वन ही दोन्ही कार्यालयात बसलेल्या माणसाला सारखीच भासतात. म्हणून काही घडले नसले तरी प्रत्येक पेटीने ठराविक वेळी ‘मी जागी आहे’ असे कळवावयाचे असते. ज्या पेटीचा हा निरोप चुकेल, तिच्यापर्यंत कुणीतरी पायीच गेले पाहिजे. चीडवनांच्या चढणीवर ही फेरी फेब्रुवारीपूर्वीच उरकावी लागेल.